मोहाच्या लुगड्यावरचे दगड

घ्या, चहा घ्या. साखर कमी वाटली तर मुकाट्याने प्या, कारण आज मी जे सांगणार आहे ते या चहाहून कडू आहे. तशा माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. एकदा तपासलेले पेपर वडशाच्या बसमध्ये विसरलो. एकदा सत्कारमूर्तीचा हार त्यांच्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातला. त्या चुका मी कुठेही, कुणालाही हसत सांगतो. ही एक मात्र आजवर गिळून बसलो होतो. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका!

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे माझ्या सासूबाईंना लग्नाला वीस वर्षं होत आली तरी कळलेलं नाही. "जवाईबापू गोट्याचं काम करते," असं त्या गावात सांगतात. त्यामुळे सासुरवाडीत निम्म्या लोकांना वाटतं की माझी कुठेतरी गिट्टीची खदान आहे.

माझं खरं काम म्हणजे दगड किती शिजला ते पाहणं. हसू नका! फार फार जुन्या काळी चिखलात झाडांचे परागकण पडले, शेवाळं पडलं. त्यावर आणखी चिखल बसला, सगळ्याचा दगड झाला. दगड जमिनीत खोल गेला की त्याला खालून आच लागते. आच बेताची लागली तर त्यातल्या शेवाळाचं तेल होतं. कमी पडली तर सगळं कच्चं राहतं, जास्त झाली तर करपून जातं. आता आच किती लागली हे कसं ओळखायचं? तर दगड जहाल आम्लात विरघळवायचा, उरलेले कण काचेवर घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर निळा प्रकाश सोडायचा. कोट्यवधी वर्षांचे ते कण आपण होऊन चमकायला लागतात, बघा! कच्चे असले तर हिरवट, तेलाच्या बेतात आले की पिवळे-सोनेरी, मग नारिंगी, मग तांबडे, आणि करपले की चमक बंद. नुसते काळे. तव्यावरच्या भाकरीचा रंग बघून बाई ती उलटते, तसंच हे. फक्त माझी भाकरी नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

आमच्या विभागात निळ्या दिव्याचं यंत्र एकच. एका खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावून तिथे ते ठेवलेलं. त्या खोलीची राणी होती कल्पना.

कल्पना ही आमची प्रयोगशाळा सहायक. एम.एस्सी. झालेली, कंत्राटी नेमणूक. नागभीडकडच्या एका तलावाकाठच्या गावची. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. पहिल्याच दिवशी मी तिला मोठ्या ऐटीत रंगांचा तक्ता समजावून सांगितला. तासभर बोललो असेन. सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, हे तं कल्ल्यासारखंच झालं."

"कोणते कल्ले?"

"मासोळीचे. लालभडक असले तं आजची, फिके पडले तं कालची. आमच्या घरी लहान लेकरंही कल्ला उघडून सांगते. माणूस खोटं बोलंन, पण कल्ला नाई बोलत."

मी हसलो. विज्ञान कुठे, मासोळी कुठे! पण दोन महिन्यांत त्या पोरीची नजर अशी तयार झाली की मी पाच मिनिटं डोळे ताणून जो रंग ठरवायचो, तो ती उभ्या उभ्या सांगायची. मला कौतुक वाटायचं. आणि खरं सांगू? थोडं झोंबायचंही.

जूनअखेर तिचं कंत्राट संपायचं होतं. विभागप्रमुख या नात्याने मी एक ओळ लिहिली की ते पुढे चालणार होतं. आणि त्याच वर्षी ती माझ्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवणार होती. कंत्राट असेल तर यंत्र वापरता येणार, यंत्र असेल तर संशोधन होणार. म्हणजे तिचं सगळं माझ्या त्या एका ओळीवर टांगलेलं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तर मार्च महिन्यात मी सिरोंच्याच्या बाजूला गेलो. तिथल्या एका नाल्याच्या काठाला काळ्या पाटीसारखा दगड उघडा पडलेला आहे. त्याचे नमुने कापडी पिशव्यांत भरले, पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधल्या. परत येताना आलापल्लीच्या पुढे रस्त्याने आपलं खरं रूप दाखवलं. जीप अशी उडाली की मागची पाण्याची कॅन लवंडली आणि पिशव्या चिंब! चिठ्ठ्यांवरची शाई पसरायला लागली. चिठ्ठी गेली की नमुना गेला, मग तो नुसता धोंडा. सासुरवाडी वाटेवरच, चामोर्शीच्या अलीकडे. मी जीप तिकडे वळवली.

मोहाचा हंगाम होता. अंगणभर मोहफुलं पसरलेली, त्या गोड उग्र वासाने डोकं जड व्हावं अशी. सासूबाई पहाटेच झाडाखालून फुलं वेचून आणायच्या. अंगणात एक जुनं लुगडं अंथरून त्याच्या टोकाशी त्या बसल्या होत्या. आदल्या दिवशीची वाळलेली फुलं हातावर चोळत होत्या आणि त्यातले केसर झाडत होत्या.

"आई, हे दगड वाळवायचे आहेत. कुठे टाकू?"

"टाका ना इथी, जवाईबापू. अर्ध्या लुगड्यावर मोह हाये, अर्धं रिकामंच हाये."

मी टाकले. चिठ्ठ्या नीट मांडल्या. दुपारी वारा सुटला. सासूबाईंच्या हातातून पिवळी भुकटी उडत होती आणि मी ओसरीवर वरणभात, वांग्याची भाजी खाऊन पाय पसरून झोपलो होतो.

आता गंमत ऐका. दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एक नियम लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. 'नमुना उघड्यावर वाळवू नये.' का? तर हवेत आजच्या झाडांचे परागकण असतात. दगड आम्लात विरघळतो, पण परागकणाचं कवच विरघळत नाही, ते थेट काचेवर येऊन बसतं. वीस वर्षं मी हे शिकवतोय. वीस वर्षं त्या रेघा मारतोय! आणि सासूबाईंनी जागा दाखवल्यावर माझ्या डोक्यात काय आलं असेल? की चला, आयती जागा मिळाली.

एप्रिलमध्ये नमुने तयार झाले. अंधाऱ्या खोलीत मी निळा दिवा लावला, डोळा भिंगाला लावला, आणि काय सांगू! काळोखात पिवळेधमक ठिपके! दिवाळीच्या पणत्या! त्यांच्या आजूबाजूला पुष्कळ काळपट, मेलेले कणही होते, पण त्यांच्याकडे बघतो कोण? पिवळं म्हणजे तेलाच्या बेतातला दगड. सगळे म्हणत होते की इकडचा खडक करपलेला आहे, आणि इथे माझ्या भिंगाखाली हे सोनं. मी ओरडलोच.

कल्पना धावत आली. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सर, एक बोलू का?"

"बोल."

"चमकून राह्यले ते कण गोलगोल हायेत, फुगलेले. अन् काळे पाहा, पापडावानी चपटे झाले. एवढ्या वजनाखाली दबले असते तं पिवळे काऊन नाई चपटले?"

प्रश्न बरोबर होता. इतका बरोबर होता की मला राग आला. मी खुर्चीत मागे रेलून पुस्तकी आवाज काढला. "कल्पना, काळे कण हे अजून जुन्या खडकातून वाहून आलेले आहेत. पाहुणे म्हण. पिवळे तेवढे या दगडाचे स्वतःचे. असं होतं कधीकधी."

ती म्हणाली, "सर, पाहुणे एवढे सारे, अन् घरचे दोन-चारच?"

"मध्ये बोलू नको. तक्ता भर."

तिने तक्ता भरायला घेतला. दारापर्यंत गेली आणि वळली. "सर, नमुने कुठी वाळवले होते?"

"स्वच्छ जागी!" मी म्हणालो. "मी काय काल भूगर्भशास्त्र शिकलो?"

खोटं बोललो का? नाही हो. सासूबाईंचं अंगण रोज सकाळी शेणाने सारवलेलं असतं. त्याहून स्वच्छ जागा मला माहीत नाही.

त्यानंतर चक्र फिरलं ते थांबेना. मी प्राचार्यांना सांगितलं, "साहेब, हा खडक तेल तयार होण्याच्या अवस्थेत आहे असं दिसतं."

"म्हणजे तेल निघालं?"

"नाही साहेब. खडक त्या अवस्थेत..."

"म्हणजे निघणार!"

"तसं नाही, अजून खूप अभ्यास..."

"अभ्यास होत राहील हो. आधी पेढे मागवा!"

दोन दिवसांनी पेपरात माझा फोटो. हातात दगड, तोंडावर असं हसू की जणू मीच तो दगड शिजवलाय. वर मथळा, 'गडचिरोलीत तेल?' ते प्रश्नचिन्ह इतकं बारीक छापलं होतं की ते बघायलाही माझंच यंत्र लागलं असतं. सासुरवाडीहून फोन. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, गोट्यातून तेल काढलं म्हणते तुम्ही! आमच्या आंगनातून गेले ते गोटे!" त्यांचा आनंद खरा होता. बघा, त्या माउलीने अंगणाचं नाव घेतलं होतं. सगळी मेख तिने माझ्या कानात सांगितली होती आणि मी म्हणालो, "आई, तुमचाच आशीर्वाद!"

चामोर्शीकडचा एक शेतकरी बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन थेट विभागात आला. पाण्यावर रंगीबेरंगी तवंग. "सर, आमच्या इहिरीत तेल आलं. पाहा तुमच्या मशिनीत." मी वास घेतला. "भाऊ, विहिरीवर इंजिन आहे का?" "हाये ना, डिझेलचं. लय गळते." त्याला परत पाठवताना मी मोठ्या दयेने हसलो. लोकांना गळकं इंजिन दिसत नाही, म्हणे! माझं स्वतःचं गळकं इंजिन तर लुगड्यावर बसून फुलं चोळत होतं.

प्राचार्यांनी जूनमध्ये परिसंवाद ठेवला. एका मोठ्या संस्थेतल्या तज्ज्ञ मॅडमना बोलावलं. मूळच्या नागपूरच्या, आता बाहेर असतात, या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. हॉलमध्ये पडदा लावला, यंत्राला कॅमेरा जोडला. म्हणजे मॅडम काय बघतायत ते पाचशे लोकांना दिसणार. ही युक्तीही माझीच होती बरं का. यंत्रापाशी सहायक कल्पना उभी.

मॅडमनी भिंगातून पाहिलं. पडद्यावर पिवळे ठिपके उमटले. टाळ्या! प्राचार्य पहिल्या रांगेत उठून उभे राहिले. मॅडमनी काच थोडी सरकवली, आणखी थोडी सरकवली, आणि मान वर न करता विचारलं, "सर, हे नमुने कुठे वाळवले होते?"

तोच प्रश्न. तेच शब्द.

"का मॅडम?"

"हे चमकणारे सगळे ताजे आहेत. याच वर्षीचे. बघा ना, कसे टुमटुमीत फुगलेले आहेत. तुमच्या खडकाचे खरे कण ते काळे, चपटे. खडक केव्हाच करपलाय. ही भेसळ आहे."

भेसळ! पाचशे लोकांसमोर, माईकवर. हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्य बसले. नुसते बसले नाहीत, खुर्चीत खाली सरकले.

तेवढ्यात माझी नजर यंत्राशेजारच्या खोक्याकडे गेली. त्यात एक जास्तीची काच होती, तिच्यावर कल्पनाच्या अक्षरात चिठ्ठी, 'मोह, ताजा'. मी ती उचलली. "हे काय आहे?"

"सर, मी घरून मोहफूल आणलं होतं," कल्पना हळूच म्हणाली. "त्याच्या परागकणाची काच बनवली. ताडून पाह्यासाठी. सर, मी तं..."

"प्रयोगशाळेत मोह आणलास?" मी माईकपाशीच होतो. "मॅडम, मिळालं तुमचं उत्तर! आमच्या सहायिकेचा हा निष्काळजीपणा आहे."

"सर, पण मी तं तुमचे नमुने झाल्यावर..."

"मध्ये बोलू नको!"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. माझी चूक सापडावी म्हणून जी काच तिने बनवली, तीच काच मी तिच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून सभेला दाखवली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, तिच्याकडे नाही. तेव्हा मला वाटलं, सहानुभूतीने बघतायत.

आता तुम्ही विचाराल, त्या क्षणी लुगडं आठवलं होतं का? बायकोला मी सांगतो, नाही आठवलं. तुम्हाला म्हणून सांगतो, मॅडमनी 'वाळवले' हा शब्द उच्चारला ना, तेव्हा माझ्या नाकात मोहाचा वास आला. भर सभेत. मी तो वास शिंकरून टाकला. शास्त्रज्ञाने वासावर विश्वास ठेवायचा नसतो, पुरावा बघायचा असतो. आणि पुरावा तर माझ्या हातातच होता, चिठ्ठीसकट!

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी असा लिहिला, असा लिहिला, की काय सांगू! आयुष्यात इतकं नेटकं मराठी कधी लिहिलं नव्हतं. 'सदर कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे महाविद्यालयाच्या प्रतिष्ठेस बाधा पोहोचली.' शिफारशीची ती एक ओळ लिहायची होती, तिच्या जागी दीड पान गेलं. कंत्राट पुढे चाललं नाही. पीएच.डी.चं नाव नोंदलं गेलं नाही. शेवटच्या दिवशी कल्पनाने निळा दिवा पुसला, यंत्रावर कापड घातलं आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "येतो सर," एवढंच म्हणाली. मी मान हलवली. पेपर तपासत होतो म्हणे.

वर्ष गेलं. पुन्हा मार्च आला, पुन्हा मी सिरोंच्याकडून नमुने घेऊन आलो. या वेळी कोरडे ठणठणीत, डब्यात बंद. जेवायला म्हणून सासुरवाडीला थांबलो. अंगणात तेच लुगडं, तोच मोह, टोकाशी त्याच सासूबाई.

"औंदा गोटे नाई का वाळवाचे? मी जागा ठेवली होती ना!"

"नको आई," मी म्हणालो. पाणी पीत होतो.

"काऊन? मागल्या वर्षी तं वाळवले. थे पोरगीही इचारत होती."

"कोण पोरगी?"

"तुमच्या कालेजातली. कल्पना का काय तिचं नाव. आमच्या लेकीचा, तुमच्या बायकोचा, फोन नंबर तिच्यापाशी होता, लेकीनं माह्या दिला. उन्हाळ्यात फोन केला होता तिनं मले. म्हणे, आजी, सरायचे गोटे कुठी वाळवले होते? मी सांगतलं, आमच्या आंगनात, मोहाच्या लुगड्यावर. म्हणे, आजी, तुम्ही मोह तिथीच चोळता का? मंग कुठी चोळू म्हटलं, जवाईबापूच्या डोक्यावर?"

सासूबाई आपल्याच विनोदावर खळखळून हसल्या. मी हातातला तांब्या खाली ठेवला.

उन्हाळ्यात! म्हणजे परिसंवादाच्या आधी. कल्पनाला सगळं माहीत होतं. कोणत्या अंगणात, कोणत्या लुगड्यावर, कुणाच्या हातची भुकटी, सगळं. मग तिने मोहाची काच बनवली, ताडून बघितली. आणि हॉलमध्ये पाचशे लोकांसमोर 'सर, मी तं' म्हणत होती, ते मला सांगायला.

मी दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, माझा तो खुलासा चुकीचा होता. मला परत घ्यायचा आहे."

"जाऊ द्या ना सर. जुनं कशाला उकरता?"

आता बघा, हे ते एका भूगर्भशास्त्रज्ञाला सांगत होते! जुनं उकरण्याचाच मला पगार मिळतो. मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी कार्यालयात पाठवलं. तिथले बाबू म्हणाले, "सर, खुलासा परत घ्यायचा अर्जच नसतो. अन् ते पद तं आता रद्दच झालं. पण सर, काय लिहिलं होतं हो तुम्ही! कोणाला खुलासा लिहायचा असला की आम्ही तोच नमुना म्हणून देतो." इतक्या वर्षांत माझं एकही लिखाण कुणी दुसऱ्यांदा वाचलं नव्हतं. वाचलं ते हे.

मग मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती केली. सगळी चूक कागदावर उतरवली. खडकाच्या नमुन्यात मोहाचे परागकण कसे शिरतात, निळ्या प्रकाशात ते कसे फसवतात, फुगलेले आणि चपटे कसे ओळखायचे. त्या मॅडमना पाठवलं. त्यांनी कळवलं, उत्तम आहे, छापायला द्या. लेखकांत पहिलं नाव कल्पनाचं घातलं, दुसरं माझं, आणि कागद घेऊन तिच्या गावी गेलो. छापलेला निबंध, पहिलं नाव, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात तिला पीएच.डी.ला दार उघडलं असतं.

तलावाच्या पाळीवर ती बसली होती. समोर दोन टोपल्या. मला पाहून उठली, पदराला हात पुसले. "या सर. बसा." राग नाही, काही नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं हो!

मी सगळं बोललो. लुगडं, फोन, खुलासा, सगळं. शेवटी विचारलं, "तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो ना सर. तुम्ही म्हणले, मधी बोलू नको."

मी कागद पुढे केला. तिने उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथी रंग चुकला सर. मोहाचा पिवळ्यात थोडा हिरवा असते." मग आपल्या नावावर बोट ठेवलं. "अन् हे काढून टाका."

"अगं, पण हे सगळं तुझंच आहे! तू शोधलंस!"

"म्हणूनच सर. उद्या याच्यात काई चुकलं निंघालं, तं पुन्हा माह्याच नावावर जाईल."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. तेवढ्यात एक बाई मासोळी घ्यायला आली. मला वाटलं, चला, निदान इथे तरी या पोरीच्या उपयोगी पडावं. डावीकडच्या टोपलीतला एक मोठा कतला मासा चांगला चकाकत होता. मी तो उचलला आणि म्हणालो, "बाई, हा घ्या! एकदम ताजा आहे!"

कल्पनाने माझ्या हातातून तो घेतला आणि बोटाने कल्ला उघडून बाईला दाखवला. फिका. "हा कालचा हाये मावशी, ही टोपली सुकवाले ठेवली. आजचे या दुसऱ्या टोपलीत हायेत." आणि माझ्याकडे न बघता, अगदी सौम्य आवाजात म्हणाली, "सर, मधी बोलू नका."

बघितलंत? पहिल्यांदा ताज्याला जुनं म्हणालो, आता जुन्याला ताजं. चमकतंय एवढंच दिसतं मला.

तो कालचा कतला मीच मागून घेतला. ती नको म्हणत होती, पण मी घेतलाच. घरी आलो. बायकोने पिशवी उघडली, कल्ला उघडला, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अहो, हे कोणी निवडलं?"

कल्पनाचं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं, सवयच तशी. पण या वेळी म्हणालो, "मी."